आलेल्या माणसांचे शहर

खेड्यात कोणी अनोळखी माणूस दिसला, की पारावर बसलेले वडीलधारे त्याला विचारतात, "कोणाकडे आलात?" शहरात हाच प्रश्न निराळे रूप घेतो. तेथे नवी ओळख झाली, की चहाचा पेला हाती येण्याच्या आत विचारणा होते, "आपण मूळचे कुठले?" पहिल्या प्रश्नात पाहुण्याची चौकशी आहे. दुसऱ्यात असे गृहीत धरलेले आहे, की समोरचा माणूस येथला नसणार. आणि पुष्कळदा विचारणाराही येथला नसतो. त्याचे येणे थोडे आधी झालेले असते, इतकेच. या 'थोडे आधी'च्या पायावर हक्कांचे, मानपानाचे आणि भांडणांचे केवढे मोठे इमले उभे राहतात, हे आपण मुंबईत पाहिले आहे. आज तोच प्रश्न बंगळूर शहराच्या निमित्ताने आपल्यापुढे मांडण्याचा माझा विचार आहे.

यंत्रयुगात शहरे वाढली ती घरोघर पाळणे हलले म्हणून नव्हे. एकोणिसाव्या शतकातील कारखान्यांच्या शहरांत रोगराई इतकी असे, की कित्येकदा जन्मांपेक्षा मृत्यूच अधिक होत. तरीही ती शहरे फुगत गेली, कारण बाहेरून येणाऱ्या माणसांचा ओघ थांबला नाही. अमेरिकेतील शिकागो हे १८४० मध्ये साडेचार हजारांच्या आतील वस्तीचे गाव होते. पन्नास वर्षांत, म्हणजे १८९० मध्ये, तेथे दहा लाखांवर माणसे राहू लागली. लंडनमध्ये स्थायिक झालेला जर्मनीत जन्मलेला भूगोलज्ञ रॅव्हेन्स्टाइन याने शिरगणतीचे आकडे तपासून १८८५ मध्ये स्थलांतराचे काही नियम मांडले. बहुतेक माणसे फार दूर जात नाहीत, जवळपासच्या शहराकडे जातात, हा त्यांतील एक. जाणाऱ्यांचा जसा प्रवाह असतो, तसा त्याच्या उलट वाहणाराही एक प्रवाह असतो, हा दुसरा. हा उलटा प्रवाह आपल्याला पुढे भेटणार आहे.

मुंबईची कथा तर आपल्या घरचीच आहे. १९०१ च्या शिरगणतीत मुंबईत राहणाऱ्यांपैकी मुंबईतच जन्मलेले लोक शेकडा पंचवीसहूनही कमी होते. रत्नागिरीच्या लाल मातीतून आणि घाटावरच्या कोरड्या तालुक्यांतून माणसे आली, गिरणीच्या भोंग्यावर उठू लागली, खाणावळीत जेवू लागली, आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनिऑर्डर धाडू लागली. या कथेत आपण स्वतःला एकाच वेळी आलेले आणि घरचे असे दोन्ही समजतो. मुंबईत आपल्यामागून आलेल्यांना आपण बाहेरचे म्हणतो. बंगळुरात मात्र मराठी माणूस उघडउघड बाहेरून आलेला आहे, आणि त्याला तेथे येऊन काही पिढ्या नव्हे, काही शतके लोटली आहेत. म्हणून शहरात 'बाहेरचा' कोण, याचा विचार करायला मराठी श्रोत्याला बंगळूरइतकी चांगली जागा दुसरी सापडणार नाही.

प्रथम यंत्रापूर्वीचे बंगळूर पाहू. केंपेगौडा या नायकाने १५३७ मध्ये या नगराची स्थापना केली असे मानतात. त्याने मातीचा कोट घातला, तळी बांधली आणि आत पेठा वसवल्या. त्या पेठांची नावे आजही चालतात. अक्कीपेठ म्हणजे तांदळाची पेठ, रागीपेठ नाचणीची, अरळेपेठ कापसाची, बळेपेठ बांगड्यांची, कुंभारपेठ कुंभारांची आणि गाणिगरपेठ तेल्यांची. जो कारागीर आला, त्याला गल्ली मिळाली; आणि गल्लीला त्याच्या धंद्याचे नाव मिळाले. राज्यकर्त्याला वस्ती हवी होती आणि कारागिराला आश्रय हवा होता. हा सौदा उभयपक्षी राजीखुशीचा होता.

अशा या नगरात मराठी माणूस आला तो घोड्यावरून. विजापूरच्या आदिलशाही फौजेने रणदुल्लाखानाच्या सरदारकीखाली १६३८ मध्ये बंगळूर घेतले, आणि पुढे ते शहाजीराजे भोसल्यांकडे जहागिरीत आले. जयराम पिंड्ये या कवीने लिहिलेल्या राधामाधवविलासचंपूत शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. त्या दरबारात नाना भाषांचे कवी जमत, असे या ग्रंथावरून दिसते. म्हणजे बंगळूरची बहुभाषिकता काल-परवाची नव्हे; साडेतीनशे वर्षांपूर्वीही ती तेथे होती, आणि तिला आसरा देणारा धनी मराठी होता. पुढे व्यंकोजीराजे तंजावरला गेले. १६८७ मध्ये बंगळूर मोगलांच्या हाती पडले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ते म्हैसूरच्या वाडियार राजांकडे गेले. शहाजीराजांचा अंत १६६४ मध्ये कर्नाटकातच झाला. त्यांची समाधी होदिगेरे येथे आहे.

राज्ये गेली, परंतु त्यांच्यामागून आलेली माणसे परत गेली नाहीत. शिलेदारांचे वंशज शेतीला लागले. भावसार रंगारी कापड रंगवीत राहिले, नामदेव शिंपी ते शिवीत राहिले. कन्नड मुलखात मराठ्यांना 'आरे' हे नाव पडले. घरात जुन्या वळणाची मराठी, बाजारात कन्नड आणि देव्हाऱ्यात विठोबा, अशी त्यांची राहणी झाली. पंढरीचा विठोबा पुंडलिकासाठी विटेवर उभा राहिला असला, तरी त्याला 'कानडा' म्हणून आळवण्याची रीत मराठीत फार जुनी आहे. त्यामुळे तो कानडी मुलखात परका वाटण्याचे कारणच नव्हते.

टिपू सुलतान १७९९ मध्ये पडल्यावर बंगळूरचा दुसरा अध्याय सुरू झाला. १८०९ मध्ये इंग्रजांनी जुन्या पेठेच्या ईशान्येला लष्करी छावणी वसवली. पलटणींबरोबर मद्रास इलाख्यातून तमिळ सैनिक, कंत्राटदार, बबर्जी, धोबी आणि व्यापारी आले. एक पेठ आणि एक छावणी अशी दोन शहरे शेजारी शेजारी नांदू लागली. त्यांचा कारभार वेगळा, भाषा वेगळ्या, बाजारही वेगळे. ही दोन शहरे कायद्याने एक झाली ती १९४९ मध्ये, स्वातंत्र्यानंतर. बंगळूरमध्ये तमिळ भाषकांची संख्या मोठी का, याचे मूळ कारण या छावणीत आहे.

येथवरच्या स्थलांतराला एक आकार होता. माणूस कोणाच्या तरी बोलावण्यावरून, कोणता तरी धंदा हाताशी घेऊन येत असे. यंत्र आल्यावर हे बदलले. १८६४ मध्ये जोलारपेट्टैमार्गे मद्रासशी जोडणारा लोहमार्ग झाला. १८८० नंतरच्या दशकात कापडगिरण्या निघाल्या. त्यांत १८८४ मध्ये स्थापन झालेली आणि पुढे बिन्नी मिल या नावाने प्रसिद्धी पावलेली गिरणी मोठी होती. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत कावेरीवरील शिवनसमुद्र येथे जलविद्युत केंद्राचे काम हाती घेण्यात आले. १९०२ मध्ये तेथील वीज सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली, आणि १९०५ मध्ये बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. गिरणीला कारागिराचे कसब नको होते. तिला हात हवे होते, आणि ते जितके स्वस्त तितके बरे. हातमागावर सुंदर लुगडे विणणारा कोष्टी आणि कधी धोटा न पाहिलेला भूमिहीन शेतमजूर, दोघेही गिरणीच्या दाराशी एकाच रांगेत उभे राहिले. कारागीर आला तेव्हा त्याला गल्ली मिळाली होती. मजूर आला तेव्हा त्याला फक्त पाळी मिळाली. रात्री त्याने कोठे निजावे, हा प्रश्न कोणाच्याही वहीत नोंदलेला नव्हता.

या दुर्लक्षाची किंमत १८९८ साली वसूल झाली. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग १८९७ मध्ये पुण्यात होता. तेथे काय घडले, रँडचा वध कसा झाला, हे आपण जाणतोच. १८९८ च्या ऑगस्टमध्ये हुबळीकडून येणाऱ्या रेल्वेने तो बंगळुरात उतरला. ज्या गाडीने कामकरी आले, त्याच गाडीने रोग आला. दाट वस्तीच्या पेठांत हजारो माणसे दगावली आणि हजारो शहर सोडून पळाली. त्या धक्क्याने बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या नव्या वसाहतींना वेग आला. रुंद रस्ते, घराभोवती मोकळी जागा, मागे सफाईची बोळ अशी त्यांची मांडणी होती. नगररचनेचा तो उत्तम नमुना आहे यात शंका नाही. आजही तेथून फिरताना मन प्रसन्न होते. परंतु ती घरे वकिलांची, शिक्षकांची आणि सरकारी कारकुनांची होती. प्लेगचा सर्वांत मोठा मार ज्यांनी सोसला, त्यांच्यासाठी नकाशावर फारशी जागा निघाली नाही. मुंबईतही १८९८ मध्ये इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला; त्याने अरुंद वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले, आणि पाडलेल्या घरांतील पुष्कळसे गरीब शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागले. शहराला श्रम हवे असतात. श्रम करणाऱ्या माणसाला अंग असते, त्याला पाठ टेकायला जमीन लागते, ही गोष्ट ते रोग आल्याशिवाय ध्यानात घेत नाही.

आता तो उलटा प्रवाह पाहू. बंगळूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावचे मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी शिकायला पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली. खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारी दारे बसवण्याची त्यांची युक्ती पुणेकर अजून सांगतात. हे ज्ञान आणि अनुभव घेऊन ते म्हैसूरला परतले आणि १९१२ ते १९१८ पर्यंत तेथे दिवाण होते. म्हैसूरच्या माणसाला पुण्याने घडवले, आणि त्याने म्हैसूर घडवले. त्यांच्या आधीचे दिवाण टी. आनंदराव हे कुंभकोणम्-तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, सर टी. माधवराव यांचे चिरंजीव. बंगळूरच्या एका गजबजलेल्या चौकाला आनंदरावांचे नाव आहे. तेथे रोज ताटकळणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे!

उलट दिशेने सोलापूरहून वालचंद हिराचंद बंगळूरला गेले. विमानाचा कारखाना हिंदुस्थानात काढायचा हा त्यांचा ध्यास होता. दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या कारकिर्दीत म्हैसूर संस्थानाने त्यांना जमीन आणि भांडवल देऊ केले, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. युद्धाच्या धामधुमीत १९४२ मध्ये तिचा ताबा सरकारकडे गेला. गडहिंग्लज भागात जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत ग्योटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आले होते. त्यांनी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानविद्येचा विभाग उभारला, आणि मग या कारखान्यात एचटी-२ हे शिकाऊ विमान सिद्ध केले. ते १९५१ मध्ये उडाले. ज्या इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवले, ती तरी कोणाची? नवसारीत जन्मलेल्या आणि मुंबईत उद्योग केलेल्या जमशेटजी टाटांची कल्पना, म्हैसूरच्या महाराजांची ३७१ एकर जमीन, आणि १९०९ मधील स्थापना. या संस्थेत बाहेरचा कोण आणि घरचा कोण, हे ठरवू म्हटले, तर पाया आणि भिंत यांची फारकत करावी लागेल.

स्वातंत्र्यानंतर कारखान्यांची रांगच लागली. १९४८ मध्ये टेलिफोनचा, १९५३ मध्ये यंत्रहत्यारांचा, १९५४ मध्ये इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा कारखाना निघाला. १९४१ मध्ये सुमारे चार लाख असलेली वस्ती १९५१ मध्ये पावणेआठ लाखांच्या घरात गेली आणि १९६१ मध्ये बारा लाखांवर पोहोचली. या काळातील एका गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. या सरकारी कारखान्यांनी कामगारासाठी केवळ हजेरीपट उघडला नाही, त्यांनी वसाहतीही उभारल्या. कारखान्याच्या आराखड्यातच घरे, शाळा, दवाखाना, मैदान आणि कामावर नेणारी मोटारगाडी यांचा समावेश असे. या वसाहतींची नावेही ऐकण्यासारखी आहेत. विमानाच्या कारखान्यालगत विमानपुर, आणि टेलिफोनच्या कारखान्यालगत दूरवाणीनगर. चारशे वर्षांपूर्वी कुंभाराला कुंभारपेठ मिळाली होती, तसे यंत्रयुगातल्या कारागिराला विमानपुर मिळाले. मल्याळी फिटर, तमिळ टर्नर, कन्नड कारकून आणि मराठी ड्राफ्ट्समन एका जिन्यावर राहू लागले. त्यांची मुले एका मैदानावर खेळली, एका शाळेत शिकली आणि एका पिढीत बंगळूरकर झाली. आलेल्या माणसाला नागरिक करण्यासाठी फार मोठे तत्त्वज्ञान लागत नाही. घर, शाळा आणि दवाखाना लागतो, हे येथे प्रत्यक्ष सिद्ध झाले.

अर्थात ही सोय सर्वांना नव्हती. त्या वसाहतींच्या भिंती ज्यांनी बांधल्या, ते गवंडी आणि विटा वाहणाऱ्या बाया भिंतींच्या आत राहिल्या नाहीत. आणि ज्यांना ती सोय होती, त्यांचीही ती कायम टिकली नाही. १९८० च्या डिसेंबरात बंगळूरच्या सरकारी कारखान्यांतील सव्वा लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप ७७ दिवस चालला. त्यानंतर वर्षभराच्या आत, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यातून गिरणगाव पुन्हा सावरले नाही. बंगळूरच्या गिरण्याही एकेक करून निवल्या. मल्लेश्वरमजवळच्या राजा मिलच्या जागी आज भव्य मॉल आहे, जसा परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आहे. भोंगा दोन्हीकडे बंद झाला. आणि दोन्हीकडे मॉलच्या दारावर रखवाली करणारा माणूस पुष्कळदा दूरच्या कोणत्या तरी जिल्ह्यातून आलेला असतो.

याच सुमारास नव्या प्रवाहाची चाहूल लागली होती. १९७१ मध्ये साडेसोळा लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १९८१ मध्ये २९ लाखांवर गेली. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस ही कंपनी १९८३ मध्ये बंगळूरला गेली. शहराच्या दक्षिणेला इलेक्ट्रॉनिक्स सिटी वाढू लागली. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ८४ लाखांपुढे होती. या वाढीत संगणकापुढे बसणारा सुशिक्षित तरुण सर्वांना दिसतो. त्याच्या पगाराची, त्याच्या भाड्याची, त्याच्या मोटारींनी होणाऱ्या खोळंब्याची चर्चा होते. त्याच्या इमारतीची पहाड बांधणारा बिहार, झारखंड, ओडिशा, बंगालचा किंवा उत्तर कर्नाटकातील रायचूर-कलबुर्गीकडचा मजूर कमी दिसतो. पहाटे उठून तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसणाऱ्या हजारो स्त्रिया त्याहून कमी दिसतात. नगराच्या इतिहासात कुंभाराला पेठ मिळाली, विमान बांधणाऱ्याला पुर मिळाले, संगणकवाल्याला सिटी मिळाली. या गवंड्याच्या नावाची मात्र एकही वसाहत नाही. इमारत पुरी झाली, की त्याची पत्र्याची खोपटी उचलली जाते, आणि तो पुढच्या इमारतीच्या पायथ्याशी जातो.

शहर कोणाला आपले मानते, हे पाहण्याची एक साधी खूण आहे, आणि ती म्हणजे पाणी. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या उशाशी मोठी नदी नाही. केंपेगौडाने तळी बांधली ती त्यासाठीच. त्यांतील धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मोठे बसस्थानक आहे, आणि संपंगी तळ्याच्या जागी क्रीडागार. नळाचे पाणी १८९० नंतरच्या दशकात अर्कावती नदीवरच्या हेसरघट्टाहून आले, पुढे १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीहून आले. तेही अपुरे पडल्यावर १९७४ मध्ये कावेरीचे पाणी आणले. सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून आणि जवळजवळ पाचशे मीटर उंची चढवून ते आणावे लागते. प्रत्येक टप्प्याला शहराने पुन्हा उडी मारली आणि पाणी मागे राहिले. २००७ मध्ये महानगरात सामील केलेल्या ११० खेड्यांसाठी कावेरी योजनेचा पाचवा टप्पा २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या होत्या आणि टँकरमागे रांगा लागल्या होत्या. जुन्या वस्तीत नळ, नव्या वस्तीत टँकर आणि खोपट्यांत हंडा, ही उतरंड म्हणजे शहरात कोण किती आधी आला, याचीच उतरंड आहे.

आता येथल्या मूळ रहिवाशाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. कन्नड ही कर्नाटकाची भाषा. पण २०११ च्या जनगणनेत बंगळूर जिल्ह्यात कन्नड मातृभाषा सांगणारे निम्म्याहून कमी भरले. आपल्याच राजधानीत आपली भाषा दुकानदाराला कळत नाही, कचेरीत चालत नाही, असे कोणाला दिसले, तर त्याच्या मनाला लागणारी कळ खोटी नसते. आपल्याला ती समजलीच पाहिजे, कारण मुंबईत आपण तीच बोलून दाखवली आहे. १९६६ नंतर मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध चळवळ झाली. तिच्यात ज्यांच्या दुकानांवर रोष होता, त्यांत कन्नड माणसेही होती. स्थानिकांना खासगी नोकऱ्यांत राखीव जागा देणारे विधेयक कर्नाटकात जुलै २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केले आणि लगेच स्थगितही ठेवले. म्हणजे प्रश्न जिवंत आहे, आणि उत्तर सोपे नाही.

पण या रोषाचा घाव कोणावर पडतो, ते पाहा. ऑगस्ट २०१२ मध्ये काही अफवा पसरल्या आणि ईशान्य भारतातील हजारो तरुण-तरुणी दोन-तीन दिवसांत बंगळूर सोडून गुवाहाटीच्या गाड्यांत बसल्या. वर्षानुवर्षे ज्या शहरात त्यांनी काम केले, त्याच्यावर एका रात्रीपुरताही भरवसा त्यांना वाटला नाही. मे २०२० मध्ये, महासाथीच्या टाळेबंदीत, गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांच्या गाड्या कर्नाटकात काही दिवस रद्द झाल्या. बांधकामे सुरू होणार, तेव्हा मजूर लागतील, असा विचार त्यामागे होता. टीका झाल्यावर गाड्या पुन्हा सुरू झाल्या. आदल्या महिन्यात वांद्र्याच्या स्थानकाबाहेरही गावी जाऊ इच्छिणाऱ्यांची गर्दी उसळली होती. एरवी आपण ज्याला 'कशाला आलास?' म्हणतो, त्यालाच त्या दिवसांत 'जाऊ नकोस' म्हणत होतो. दोन्ही वेळा त्याच्या इच्छेला विचारले नव्हते.

आपल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने प्रत्येक नागरिकाला देशभर हिंडण्याचा आणि कोठेही वस्ती करण्याचा हक्क दिला आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. एका राज्याची शिधापत्रिका दुसऱ्या राज्यात चालावी, ही सोय २०२२ पर्यंत देशभर पोहोचली. हे सारे चांगले आहे. परंतु हक्काचा कागद खिशात असून राहायला जागा नसेल, तर तो कागद भिजायला पावसाची एक सर पुरते.

माझ्या मते, श्रोतेहो, हा व्यवहार दुहेरी आहे आणि दोन्ही बाजूंनी तो चोख व्हावा. आलेल्याने त्या भूमीची भाषा शिकली पाहिजे. निदान बाजारात आणि शेजारात बोलता येईल इतकी, आणि मुलांना तर पुरती. शहराने आलेल्याला, तो हातात पदवी घेऊन आलेला असो वा थापी घेऊन, छप्पर, पाणी आणि मुलांना शाळा दिली पाहिजे, आणि कारखान्याचा वा इमारतीचा आराखडा मंजूर करतानाच याचा हिशेब मागितला पाहिजे. दूरवाणीनगरात हे मर्यादित प्रमाणात झाले होते. जे एकदा झाले, ते पुन्हा होऊ शकते.

पहिली अट पाळणाऱ्यांचे उदाहरण द्यायचे, तर बंगळूरच्या मराठी माणसाचेच देता येईल. आज त्या जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे शेकडा दोनच्या आसपास आहेत. घरात त्यांनी मराठी जपली आणि उंबऱ्याबाहेर कन्नड आपलीशी केली. १९५० मध्ये बंगळुरात जन्मलेल्या शिवाजीराव गायकवाड यांचे घर असेच मराठी होते. ते कन्नड शाळेत शिकले, बंगळूरच्या बसगाडीत कंडक्टर झाले, आणि पुढे रजनीकांत या नावाने तमिळ जनतेने त्यांना डोक्यावर घेतले. या माणसाला कोणत्या एका गावचा म्हणावे? मराठी, कन्नड आणि तमिळ अशा तिघांनाही तो आपला वाटतो, आणि तिघांचेही खरे आहे.

आपल्या शिरगणतीच्या तक्त्यात जन्मस्थानाचा एक रकाना असतो. त्या रकान्यात ज्याचे गाव दुसऱ्या जिल्ह्यातले, त्याची गणना स्थलांतरितांत होते. त्याचा मुलगा त्याच शहरात जन्मला, की तो तेथला ठरतो. म्हणजे तक्त्याच्या हिशेबाने बाहेरचा माणूस घरचा व्हायला एकच पिढी पुरे होते. आपल्या मनाचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. बंगळूरच्या मराठी माणसाला त्यासाठी कोणी साडेतीनशे वर्षे थांबवून ठेवले नाही. त्याने भाषा घेतली आणि शहराने त्याला गल्ली दिली. आज मुंबईच्या, पुण्याच्या, नागपूरच्या बांधकामांवर जो परमुलखातला माणूस विटा चढवीत आहे, त्याने आपली भाषा शिकावी, अशी अपेक्षा आपण जरूर धरावी. पण त्याच्या मुलाला शाळा आणि त्याच्या बायकोला पाण्याचा नळ देण्याआधी ती अपेक्षा धरण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोहोचतो, याचा विचार आपण प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.